सिगार, काळी बियर आणि कोकणातली दमट हवा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वेंगुर्ल्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते, डबा उघडा राहिला तर तासाभरात पापड हातात वाकतो आणि मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी दिसायला लागतं. अशाच एका जूनमध्ये मी माझी पहिली चांगली सिगार पेटवली. पुण्याच्या मामेभावाने दिली होती आणि बजावलं होतं, "काही झालं तरी सुकू देऊ नकोस." मी आज्ञाधारक. डब्यात ओला स्पंज घालून तीन आठवडे जपली. पेटवली तेव्हा ती चुरचुरायला लागली. कितीही ओढा, धूर येईना. चार झुरक्यांत विझली, परत पेटवली तर वरचं पान मधोमध उकललं. शेजारचे आप्पा खळ्याच्या कडेला बसून सगळं बघत होते. म्हणाले, "झिला, सिगार पेटवतंस की ओली चूड?"

मामेभाऊ खोटं बोलला नव्हता. सिगार आणि काळी बियर यांच्याबद्दल जे ज्ञान आपल्यापर्यंत येतं ते कोरड्या, थंड मुलखातलं असतं. तिथे सिगार सुकते म्हणून ओल द्यावी लागते आणि बियर तळघराच्या गारव्यात ठेवून प्यायली जाते. आपल्याकडे ओल फुकट आहे आणि बियर बर्फाइतकी गार करायची सवय आहे. दोन्ही सवयी उलट्या करायच्या, एवढं जमलं की अर्धं काम झालं. पुढे जे लिहितो आहे ते याच उलटापालटीबद्दल.

त्याआधी एक गोष्ट उरकून घेतो. तंबाखू आणि मद्य दोन्हीने कर्करोग होतो, आणि तोंड-घशाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा गैरसमज आहे. सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरू करू नये. मी स्वतः दोन महिन्यांतून एखादी ओढतो आणि तीही थंडीच्या दिवसांत. वयाचंही सांगून ठेवतो: तंबाखूसाठी १८ पूर्ण, आणि महाराष्ट्रात सौम्य बियरसाठी २१, त्याहून कडक मद्यासाठी २५.

आधी हवा बघा

सिगार ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी असा सर्वसाधारण नियम आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ६५ च्याच जवळपास राहावं, थोडं खाली गेलं तरी चालेल. पावसाळ्यात आपल्या बाहेरच्या हवेत ९० टक्क्यांच्या आसपास ओल असते. सिगारचं पान ती पाण्यासारखी शोषतं, आतली पानं फुगतात, धुराला वाट राहत नाही. मग माणूस जोर लावून ओढतो, निखारा तापतो आणि तोंडात कडवट डांबर येतं. नवख्याला वाटतं सिगारच वाईट. पैकी निम्म्या वेळा ती फक्त ओली असते.

ओल मोजायला छोटं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं, स्वस्तातलंही चालतं, पण ते खरं सांगतं का हे आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका, मीठ विरघळता कामा नये, फक्त ओलसर वाळूसारखं व्हावं. हे झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ असायला हवा. ७९ दाखवत असेल तर तुमचं यंत्र चारने जास्त सांगतं, एवढं लक्षात ठेवून पुढे चला. हे चालतं कारण ओलं मीठ बंद जागेतली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. आता स्वयंपाकघरातली बरणी आठवा. बाहेरची हवा ७५ च्या वर गेली की मिठाला पाणी सुटायला लागतं. जाड्या मिठाला जरा आधीच. म्हणजे आपल्या आयांकडे आर्द्रतामापक पिढ्यान्‌पिढ्या होतं, फक्त त्यावर काटा नव्हता. मी अजून हाच नियम पाळतो: बरणीत पाणी दिसतंय तोवर सिगारचा डबा उघडायचा नाही.

साठवायला महागडी लाकडी पेटी घेऊ नका. कोरड्या देशात तिचं लाकूड ओल धरून ठेवतं हा गुण, इथे तेच लाकूड बाहेरची ओल आत आणतं. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा पुरतो, मात्र नवा कोरा हवा. ज्यात कधी लोणचं किंवा सुकट होती तो नको, वास धुऊन जात नाही आणि तंबाखू तो उचलते. त्यात ६५ टक्क्यांची दुहेरी काम करणारी आर्द्रतेची पुडी ठेवायची. ती हवा कोरडी असेल तर ओल सोडते आणि ओली असेल तर शोषते. दुकानदार ती ओल देण्यासाठी विकतो, आपण ती ओल खाण्यासाठी घेतो. पुडी फुगून गुबगुबीत झाली की तिचं पोट भरलं, बदला.

दुसरा शत्रू किडा. तंबाखूच्या पानात एका बारीक भुंग्याची अंडी असू शकतात आणि तापमान साधारण २५ अंशांच्या वर गेलं की ती फुटतात. आपल्या घरात वर्षाचे बहुतेक दिवस त्याहून जास्तच. सिगारवर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली तर समजा पाहुणे आले. उपाय सोपा आहे: नवीन सिगार घरी आली की दोन पिशव्यांमध्ये घट्ट बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. थेट उन्हात किंवा गरम खोलीत आणलीत तर पान तडकतं. कायमची मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. आमच्या फ्रिजमध्ये सोड्यांची पिशवी कायम असते, आणि सोड्यांच्या वासाची सिगार मी एकदा ओढली आहे.

पांढरे ठिपके दिसले तर बघा: लोकरीसारखे, निळसर-हिरवट झाक असलेले असतील तर बुरशी. वरच्या पानावर एखादा ठिपका असेल तर पुसून काही जण वापरतात, पण पेटवायच्या टोकाला, आतल्या पानांत शिरली असेल तर सरळ फेका. मी वरची सुद्धा फेकतो.

आणि ओढायच्या दिवशी सिगार दोन-तीन तास आधी डब्यातून काढून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणजे एसी चालू असलेली खोली, कारण एसी हवेतली ओल काढतो. बोटांनी हलकं दाबून बघा. जराशी दबून परत वर आली पाहिजे. भिजलेल्या पावासारखी लिबलिबीत असेल तर आजचा बेत उद्यावर.

सिगार कोणती घ्यायची

सिगारचे तीन थर असतात: बाहेरचं वेष्टणाचं पान, त्याखाली बांधणीचं पान आणि पोटात भरणीची पानं. चवीचा बराच भाग वरच्या पानातून येतो, जोर मात्र भरणीतून. रोपाच्या शेंड्याजवळची पानं, ज्यांना लिगेरो म्हणतात, जास्त ऊन खातात आणि सगळ्यांत कडक असतात. म्हणून सिगार काळी दिसते म्हणजे ती डोकं फिरवणार, असं नाही. काळ्या पानाला मादुरो म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पिकलेलं. ते पान जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवलेलं असतं, त्यामुळे त्याला कॉफी, कोको, काकवी यांच्या अंगाची गोडसर चव येते. काळ्या बियरशी मादुरो जुळते ती या गोडव्यामुळे. रंगाला रंग लागतो ही लोकांची समजूत.

पहिल्या वेळेसाठी मध्यम किंवा सौम्य जोराची मादुरो घ्या. आकार लहान. लांबी इंचात सांगतात आणि जाडी इंचाच्या ६४ व्या भागात. ५० जाडीची म्हणजे ५०/६४ इंच. साधारण ५ इंच लांब आणि ५० जाडीची रोबुस्तो पाऊण तास ते तासभर चालते. नवख्याला तीही जरा मोठीच, त्याहून बारीक आणि आखूड, कोरोना नावाच्या आकाराची धाकटी बहीण मिळाली तर उत्तम. ७ इंची चर्चिल हौसेने घेऊन अर्ध्यावर तोंड वाकडं करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

निकाराग्वाची सिगार बहुधा मिरमिरीत असते, डॉमिनिकन रिपब्लिकची मवाळ, होंडुरासची मातकट. हे ठोकळे आहेत, अपवाद असतातच. आपल्याकडे तमिळनाडूत दिंडिगुल आणि तिरुचिरापल्लीकडे चिरूट वळण्याची जुनी परंपरा आहे. आपला 'चिरूट' हा शब्दच तमिळ 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेलं, यातून आला. हा देशी चिरूट रांगडा असतो. काळ्या बियरबरोबर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरेदी करताना दोन गोष्टी. पर्यटनाच्या गावात, विशेषतः गोव्याच्या किनाऱ्यांवर, काचेच्या झाकणाच्या पेटीत 'क्युबन' सिगार स्वस्तात विकायला येतात. अस्सल क्युबन सिगार काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाहीत, तेव्हा ती पेटी बघितली की पुढे चालायला लागा. दुसरं, भारतात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या वेष्टणावर ८५ टक्के जागेत चित्ररूप इशारा असतो. तो नसेल तर माल चोरवाटेचा आहे.

काळी बियर म्हणजे कडक बियर नव्हे

गावातल्या परमिट रूममध्ये काळ्या बियरचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "लय लागते काय?" रंगाचा आणि लागण्याचा संबंध नाही. काळा रंग भाजलेल्या जवापासून येतो. जव किंवा त्याचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, कॉफीच्या बियांसारखं भाजायचं, तेवढंच. १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि थोड्याशा काळ्या माल्टवर पूर्ण पिंपभर बियर काळी करता यायला लागली. डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमध्ये सव्वाचार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. आपल्याकडची पिवळीधमक 'स्ट्रॉंग' आठ टक्क्यांपर्यंत जाते. कोणती लागेल ते बघा.

प्रकार थोडक्यात. जर्मन डुंकेल हलकी, पावाच्या कडेसारखी चव, कडवटपणा कमी. पोर्टर हा अठराव्या शतकातल्या लंडनचा, हमालांच्या नावाने ओळखला जाणारा, कोको-कॉफीचा. स्टाऊट हा त्याचाच भाऊ, जास्त भाजका. मिल्क स्टाऊटमध्ये दुधातली साखर घालतात. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा बियरमध्ये उरतो. ओट स्टाऊट जिभेवर पेजेसारखी गुळगुळीत लागते. आणि एक आपल्या हवामानाची: उष्ण देशांतली गोडसर, जोरकस स्टाऊट. श्रीलंकेची लायन स्टाऊट यातली नावाजलेली, ८.८ टक्क्यांची. तिच्या ३३० मिलिलिटरमध्ये पाच टक्क्यांच्या बियरपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट अल्कोहोल असतं. ती दोघांत एक प्यायची.

मिळण्याचं म्हणाल तर कोकणातल्या बहुतेक दुकानांत पिवळ्या लागरखेरीज काही दिसणार नाही. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बियर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, काळी बियर बहुधा एखाद्या नळाला असते. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, डूलाली, पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून हा प्रकार वाढत गेला. बाटलीत हवी असेल तर भारतीय बनावटीची सिम्बाची स्टाऊट मिळते. ब्रुअरीतून भरून आणलेली बाटली मात्र दोन-तीन दिवसांत संपवायची. मे महिन्यात गाडीच्या डिकीत सहा तास तापलेली बियर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणून बर्फाची पेटी बरोबर घ्या.

गोव्यातून आणायचा मोह होईल, कारण तिथे कर कमी आणि दुकानं भरलेली. तिथली बाटली तिथेच प्यावी. गोव्याचा माल विनापरवाना महाराष्ट्रात आणला तर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. बाटली जाते, कधी गाडीही अडकते.

जोडी कशी लावायची

इथे मी एकच नियम मानतो: वजनाला वजन. हलक्या सिगारबरोबर जड स्टाऊट घेतली तर सिगार म्हणजे नुसता कोमट धूर राहतो. जड सिगारबरोबर हलकी डुंकेल घेतली तर बियरचं पाणी होतं. लग्नात नवरा-नवरीची उंची बघतात तसं हे बघायचं.

वजन जमल्यावर दुसरी गोष्ट कडवटपणाची. कडू अधिक कडू म्हणजे दुप्पट कडू. कोरडी, भाजकी स्टाऊट आणि लिगेरोने भरलेली निकाराग्वाची सिगार एकत्र आणून बघा, दहा मिनिटांत तोंडात जळलेल्या भाकरीचा करपट थर बसतो. म्हणून दोघांपैकी एकाकडे गोडवा हवाच. सिगार मिरमिरीत असेल तर बियर गोडसर, बियर कोरडी असेल तर सिगार मादुरो.

सुरुवात डुंकेल आणि कनेक्टिकट नावाच्या फिक्या पानाच्या सौम्य सिगारने करता येईल. ही जोडी सुरक्षित आहे आणि खरं सांगायचं तर थोडी बेचव. पोर्टर आणि मध्यम मादुरो ही माझी नवख्यांसाठीची पहिली शिफारस. दोघांच्या चवी एकमेकांत मिसळतात तेव्हा पिताना बियर अधिक कोकोसारखी आणि ओढताना सिगार अधिक भाजलेल्या काजूसारखी लागते. मी काजू उगाच म्हणत नाही. भट्टीतून नुकते काढलेले, टरफलाचा धूर लागलेले काजूगर खाल्ले असतील त्याला ही चव लगेच ओळखू येते. मिल्क स्टाऊट आणि मिरमिरीत निकाराग्वा ही जोडी तिसऱ्या-चौथ्या वेळी करून बघा. लायनसारखी स्टाऊट आणि जड मादुरो वर्षभरानंतर. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

भरपूर हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं) घातलेली काळी बियर, जी हल्ली ब्रुअऱ्या हौसेने करतात, तिला सिगारपासून लांब ठेवा. हॉप्सचा लिंबाच्या सालीसारखा कडवटपणा धुराबरोबर धातूसारखा लागतो.

पोटात काय असावं

रिकाम्या पोटी नको. सिगारचा धूर गिळला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. रिकाम्या पोटावर ते बियरबरोबर चढलं की घाम फुटतो, मळमळतं, खळं गोल फिरायला लागतं. मी हे भोगलंय. त्या रात्री उपाशीपोटी आठ टक्क्यांची बाटली संपवली होती आणि सिगार शेंड्यापर्यंत ओढली होती. असं झालं तर सिगार खाली ठेवा, पाणी प्या, गुळाचा खडा चघळा, आडवे व्हा.

जेवण आधी, पण बेताचं आणि विचार करून. आपली बांगड्याची आमटी तिरफळाशिवाय होत नाही आणि तिरफळ जिभेला मुंग्या आणतं. त्यावर सिगार म्हणजे भूल दिलेल्या जिभेला चव विचारणं. सोलकढीतल्या लसणाचंही तेच. ती दुपारच्या जेवणाला ठेवा.

जमतं काय, तर कालवं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात पोर्टर आणि स्टाऊटबरोबर कालवं हे साध्या लोकांचं खाणं होतं. आपल्याकडे ओहोटीला बायका खडकांवरून कालवं फोडून आणतात, त्यांचं कमी तिखटाचं सुकं करा, तिरफळ न घालता. त्यांचा खारटपणा स्टाऊटचा कडवटपणा खाली बसवतो आणि गोडवा वर आणतो. ही जोडी मला पोर्टर-मादुरोपेक्षाही आवडते, फक्त कालवं खाऊन झाल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि मग सिगारला हात लावायचा. सिगारबरोबर चघळायला मालवणी खाजं ठेवा. त्यातलं आलं आणि गूळ मिल्क स्टाऊटला धरून जातात. फणसाचे गरे आणि हापूस नको. त्यांचा वास इतका मोठा की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

जागा आणि वेळ

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसून सिगार ओढायचं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. उघड्यावर मद्यपान केलं तर पोलीस उचलतील आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ते सोडलं तरी वाऱ्यात सिगार एका बाजूने भराभर जळते आणि तापून कडू होते. आपलं खळं, मागची पडवी किंवा ओटा बरा. होमस्टेत असाल तर मालकाला आधी विचारा, घरात देवघर असतं, म्हातारी माणसं असतात.

वेळ दिवेलागणीनंतरची. दिवसभर समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई सुटतात, आणि या दोन्हींच्या मध्ये हवा काही वेळ पडते, माडाची झावळीही हलत नाही. तेवढा वेळ एका छोट्या सिगारला पुरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली अशी संध्याकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

प्रत्यक्ष

सिगार पेटवण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बियर फ्रिजमधून काढा. फ्रिजमधली चार-पाच अंशांची स्टाऊट जिभेला बधिर करते, चव १० ते १३ अंशांना उघडते. इथल्या उकाड्यात ग्लास स्वतःच तिकडे जातो, त्याला रोखू नका. एकदम पूर्ण ग्लास न भरता थोडी-थोडी ओता म्हणजे शेवटचा घोट कढत होणार नाही. बर्फ टाकणाऱ्या पाहुण्याला सोडा प्यायला द्या.

सिगारची टोपी, म्हणजे ओठांकडचं बंद टोक, कातरीने अगदी थोडं कापा. टोपी जिथे पानाला मिळते त्या रेषेच्या वरच थांबायचं, नाहीतर पान उलगडतं. आडकित्ता वापरू नका, सुपारीवर जे चालतं ते इथे चालत नाही, टोक चेचून जातं. पेटवायला ब्युटेनचा लायटर हवा. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास तंबाखूत उतरतो. काडेपेटी चालते, फक्त गुलाचा भपका जाऊ द्या, आणि पावसाळ्यात ती पेटलीच तर. ज्योत सिगारला टेकवायची नाही. टोक ज्योतीच्या वर धरून फिरवत शेकायचं, कडेने राखाडी गोल दिसला की मग ओठात धरून हलके झुरके घ्यायचे. फुंकर मारून बघा, निखारा सगळीकडे सारखा लाल दिसला पाहिजे.

आता क्रम. आधी नुसती बियर, दोन घोट. मग नुसती सिगार, पाच-सहा झुरके, धूर तोंडात फिरवून सोडायचा, छातीत अजिबात नाही. दोघांची ओळख वेगवेगळी झाली की मग एकत्र आणा: झुरका, धूर बाहेर, दहा-वीस सेकंद गप्प, मग छोटा घोट. तोंडात धूर असताना बियर घेतली तर काहीच कळत नाही. बियरमधला वायू जिभेवरचा तेलकट थर धुतो, म्हणून पुढचा झुरका पुन्हा स्वच्छ लागतो. नायट्रोजनवाल्या मऊ स्टाऊटमध्ये ही धुण्याची ताकद कमी असते, तिच्याबरोबर मधे-मधे साधं पाणी घ्या. सिगारचं टोक बियरमध्ये बुडवायची पद्धत कुणी दाखवली तर हसून सोडून द्या.

मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. राख झटकू नका, इंचभर झाली की करवंटीच्या कडेला टेकवली की आपोआप पडते. करवंटीत तळाला थोडी वाळू घाला. एका बाजूने जास्त जळत असेल तर हळू जळणारी बाजू खाली धरा, ती पकड घेते. विझली तर लाज नाही: राख काढा, आतला शिळा धूर एकदा बाहेर फुंका, पुन्हा शेका. तीनदा विझली तर मात्र ती ओली आहे, भांडू नका.

सिगारचा पहिला भाग सौम्य, मधला सगळ्यांत चांगला, शेवटचा तापट असतो. बियर त्याप्रमाणे वाटून घ्या, निम्मी तरी मधल्या भागासाठी राखा. शेवटचे दोन इंच ओढायचा हट्ट नको, तिथे सगळा ओलावा आणि कडवटपणा गोळा झालेला असतो. थोटूक चिरडू नका, चिरडलं की घरभर वास सुटतो. करवंटीत तसंच ठेवा, पाच-सात मिनिटांत आपण होऊन मरतं.

त्यानंतर गाडीला हात नाही. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि कडक स्टाऊटचा एक ग्लास तिथवर सहज नेतो. पुढे घाट आहे, रस्त्यात गुरं बसलेली असतात.

करवंटी रात्रीच परसात नेऊन पाणी घालून रिकामी करा, ग्लास धुऊन पालथे घाला. आमच्याकडे काकी पहाटे साडेपाचला खळं झाडायला उठते आणि तिच्या नाकाला अजून कुणी फसवलेलं नाही.